डब्याचा वरचा थर

पेरिहान विहीणबाईंनी मसाल्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "घ्या, तुमच्या झेलिहानं धाडलाय. परवाच कुटला, स्वतःच्या हातानं."

द्राक्षं उतरली की माझी थोरली दरवर्षी सासरहून हा मसाला पाठवते. काळी मिरी, दालचिनी, लवंग, जिरं, सुका पुदिना. सूप असो की कोफ्ते, आमच्याकडे रोज तोच पडतो. जिरं अगदी करपायच्या बेतात येईपर्यंत भाजायचं, हे मी तिला धपाटे घालून शिकवलं. आमच्या किलिस गावातल्या शेजारणी त्यावर नाकं मुरडतात. मुरडोत बापड्या!

"आणि ती स्वतः?"

"बाळंतीण बाई, तीन महिन्यांचं पोर कडेवर घेऊन डोंगर कशी उतरेल? म्हणून तर नुरजानला न्यायला आले. बहिणीला तेवढाच हातभार."

धाकटी नुरजान आत गाणं म्हणत कपडे भरत होती. "आई, ताईला काय नेऊ गं?"

"तुझं थोबाड ने! वर्ष झालं बघून."

बाहेर विहीणबाईंच्या पुतण्यानं गाडी सुरूच ठेवली होती. एवढी कसली घाई बाई, माझ्या मनात आलं. बाळ झाल्यापासून मी फोन केला की जावयाचं एकच, ती झोपलीय. बाळंतिणीला झोप येते, असं मीच मला समजावत होते.

मी डबा उघडला आणि चिमूटभर मसाला नाकाशी धरला. "विहीणबाई, जिरं कच्चं आहे."

"विसरली असेल हो."

"तापानं फणफणली तरी माझी पोर हे विसरायची नाही."

"मग आमच्या घरचं वळण लागलं म्हणा की!" त्या हसल्या, पण डोळे दाराकडे होते.

खरंच तसं असू दे, असं मला फार वाटलं. डबा मी परातीत उपडा केला. आधी भुसभुशीत, ताजा मसाला पडला. मग तळाशी घट्ट बसलेला, काळपट थर थपकन सुटला. त्याला भाजल्या जिऱ्याचा वास होता, माझ्या घराचा वास. तो उन्हाळ्यातला होता, हवेनं गोळे धरलेले.

"खालचा अर्धा तिचा आहे. वरचा कुणी भरला? तिनं अर्ध्यावर का सोडला?"

विहीणबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. नुरजान बोचकं घेऊन बाहेर आली, तशी त्यांनी तिचा हात धरला. "पोराला मावशी म्हणजे आईच. माझ्या मुलाच्या घरात परकी आणून कसं चालेल?"

मी उठले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. "कुठे पुरलंत माझ्या लेकीला?"

"बाळंतपणातच गेली," त्या खाली बघून म्हणाल्या. "तुम्हाला कळलं असतं, तर धाकटी दिली नसतीत."

"तिच्या चाळिसाव्या दिवसाची दुवाही उरकलीत! आणि मी इथं मसाल्याची वाट बघत बसले! अल्ला बघून घेईल तुम्हाला! नुरजान, ठेव ते बोचकं खाली."

नुरजान ढसाढसा रडत होती, पण बोचकं तिनं सोडलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मग बाळाला कोण घेतंय गं?"