धान्याचा रकाना

बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी उम्म सरीरचा फोन लागला. वेढा पडलेल्या त्या गावात चालू असलेला हा एकच फोन. अल-ओबैदमधल्या मदत संस्थेच्या कचेरीतून सित्तानाने गावातल्या कालतूमाखालाला दर आठवड्याचे प्रश्न विचारायला घेतले. दुपारी दोनच्या बैठकीत गावाचा उपासमारीचा टप्पा ठरणार होता. दुष्काळ जाहीर झाला, तरच विमानातून धान्य टाकणार होते.

"कशा आहात, खाला?"

"अल्लाची कृपा. तुझाच आवाज बारीक झालाय. जेवायला घालत नाहीत वाटतं तिकडे?"

मागे बायका हसल्या.

"सात दिवसांत धान्य किती दिवस खाल्लं?"

"रोज. असीदा असतोच की."

सित्तानाने 'सात' लिहिले. तीन आठवडे ती हेच लिहीत होती. फॉर्मवर असीदा, म्हणजे ज्वारीच्या पिठाचा घट्ट घाटा, धान्याच्या रकान्यात होता. पिठाशिवाय असीदा शिजतो, हे कचेरीत कुणाच्या डोक्यात आले नव्हते. तिच्याही नाही, आणि ती त्याच मुलखातली.

"म्हणजे ज्वारी पुरतेय अजून."

"ज्वारी? ती संपून दोन महिने झाले, पोरी."

"मग असीदा कशाचा घोटता?"

"सांगू नकोस गं," मागून कुणीतरी म्हणाले.

"पेंडीचा," खाला म्हणाली. "शेंगदाण्याच्या. गाढवं गेली, पेंड राहिली. वाया कशाला घालवायची?"

या वेळी कुणी हसले नाही.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? आणि चुलीवर काय आहे ते गावभर ओरडू? परवापासून तर पेंडही—"

फोन तुटला.

तिचे वरिष्ठ अब्दुलबागी यांनी सगळे ऐकून घेतले. "तीन आठवडे सात, आणि आज शून्य? पढवलंय म्हणतील."

"चूक माझी आहे. लिहून देते."

"दे. पण अर्धी मुलाखत धरता येत नाही. मागचेच आकडे जातील."

"ते चुकीचे आहेत, उस्ताद!"

"पण पूर्ण आहेत. फोन लावत राहा. एकपर्यंत थांबतो मी."

एकपर्यंत तिने एकतीस वेळा फोन लावून पाहिला; लागला नाही. बैठकीत तिची चिठ्ठी इतिवृत्ताला जोडली गेली. उम्म सरीर दुष्काळाच्या एक पायरी अलीकडे राहिले. पुढचा आढावा चार आठवड्यांनी आहे.

गुरुवारी सित्तानाने आणखी अकरा गावांना फोन लावून 'असीदा कशाचा?' हा जादा प्रश्न विचारायला घेतला. नऊ गावांनी पेंड सांगितली. दोन गावांत फोन कुणी उचलला नाही.