नावाभोवतीचा गोल

फेंग सकाळी नवाला आला, तेव्हा लुओ बाई ज्वारीच्या दाण्याएवढंही काही न वाटता खिडकीपाशी बसल्या होत्या. नवरा, तान सर, जाऊन चार दिवस झाले होते. रडू आलं नव्हतं. येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं.

फेंग सरांच्या संस्थेतल्या निवृत्तांच्या कचेरीतला. पन्नाशीचा, बीजिंगभर मयतांच्या कागदांसाठी पायपीट करणारा. त्याने एक पान टेबलावर ठेवलं. उद्या निरोपाच्या सभेत वाटायचं सरांचं जीवनवृत्त.

"समितीने पास केलंय, बाई. तुमची सही झाली की छापायला टाकतो. अकराच्या आत हवंय."

बाईंनी वाचलं. जन्म, शाळा, पदं. मग ती ओळ: परराष्ट्र धोरणात त्यांनी ठामपणाचा विचार रुजवला आणि त्यापासून ते कधीही डगमगले नाहीत.

"हे कशावरून लिहिलं?"

"म्हणजे काय? त्र्याऐंशीचा तो अहवाल! निम्मं परराष्ट्र खातं सरांचे विद्यार्थी. तोच वाचून वाढलेत सगळे."

तो अहवाल बाईंच्याच अक्षरात वर गेला होता. सरांचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, बाई शाळेत सुलेखन शिकवायच्या. शेजारी देशाशी ताठ राहावं, असं त्यात बारा पानं होतं. तेराव्यावर होतं की शेजारी आपल्याला भितो हे विसरू नये, आपली ताकद वाढेल तसा आपला आवाज खाली यावा. समोरच्याचंही ऐकावं, असं एकदा सभेत बोलल्यापायी बाईंचे वडील आठ वर्षं डुकरं राखत होते. बाईंनी बारा पानांची नक्कल केली, अठरा ऑक्टोबरला नवऱ्याच्या हातात दिली आणि तेरावं पान शिवणयंत्राच्या खणात, कपड्यांच्या नमुन्यांखाली सारलं. अहवाल एकवीसला गेला.

वसंतात तो परत आला. वरच्या साहेबांनी त्यावरच्या स्वतःच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल काढला होता. गोल म्हणजे वाचलं. होकार नाही, नकार नाही. पण संस्थेने त्या गोलाचा असा काही होकार केला की सरांना विभाग मिळाला, घर मिळालं, पुढे दूरदर्शनवर खुर्ची मिळाली. त्यानंतर सरांनी तेरावं पान पुन्हा कधी लिहिलंच नाही. घरातही विषय काढला नाही. एकाच ताटलीतल्या भाज्या खात दोघं चाळीस वर्षं मूग गिळून बसली. आपण या माणसाचं अर्धं डोकं खणात कोंडलं, हे बाईंना रोज वाटायचं.

"फेंग, ही ओळ खोटी आहे."

"बाई, आता कुठे... बदलायचं तर समिती पुन्हा बसवावी लागेल. आणि पुरावा?"

"आहे."

आज सांगून टाकायचं, असं त्यांनी पहाटेच ठरवलं होतं. गेलेल्या माणसाला त्याचं पान परत द्यायला एवढा एकच दिवस उरला होता. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी शिवणयंत्राचा खण ओढला. नमुन्यांखाली घडी होती. उघडली. सरांचं ते वेडंवाकडं अक्षर, कोपऱ्यात त्यांचं नाव.

नावाभोवती पेन्सिलीचा गोल होता. खाली रीतीप्रमाणे तारीख: १९ ऑक्टोबर.

बाईंनी बोटावर मोजलं. अठराला नक्कल दिली. एकवीसला अहवाल गेला. मध्ये हे पान परत घालायला सरांकडे दोन दिवस होते. त्यांनी ते वाचलं, गोल काढला आणि होतं तिथे ठेवून दिलं.

मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही, नुसतं दोघांत वाटलं गेलं.

"सापडला का पुरावा?" फेंगने बाहेरून विचारलं.

"नाही."

पान घडी करून त्यांनी उद्या सरांच्या अंगावर घालायच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग टेबलापाशी आल्या, पेन्सिल घेतली, जीवनवृत्ताखाली छापलेल्या स्वतःच्या नावाभोवती गोल काढला आणि तारीख घातली.

"बाई, ही सही नाही."

"नाही. वाचलं, एवढंच."

फेंगने गोलाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. साडेदहा वाजले होते.

"चालतं हो," तो म्हणाला. "गोल आहे म्हणजे मंजूरच की."

त्याने कागद पिशवीत घातला आणि दोनशे प्रती काढायला निघून गेला.