आधी व्हॉल्व्ह, मग मोटर

"सगळे बाण एकदमच दिसतायत. हे चालायचं नाही," मिस्त्री म्हणाले.

कार्यालयातले संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो मिस्त्री, चित्र दिसतंय, बाण दिसतायत, अक्षरं दिसतायत. अजून काय हवंय तुम्हाला?"

"क्रम हवाय."

मिस्त्रींनी शहराच्या पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं पंप दुरुस्त केले होते आणि निवृत्तीला आता चार दिवस उरले होते. जाण्याआधी त्यांनी सुनेच्या मागे लागून, एका बोटाने टाइप करत, पंप चालवण्याचं सव्वीस पानांचं प्रेझेंटेशन तयार केलं होतं. त्यातल्या अकराव्या पानावर त्यांचा सगळा जीव होता. चालू पंप बंद कसा करायचा, ते पान. एकदा क्लिक केलं की लाल बाण व्हॉल्व्हवर यायचा. मग एक ते दहा आकडे एकामागून एक उमटायचे. ते संपल्यावरच दुसरा बाण मोटरच्या बटणावर जायचा.

घरी हे सगळं बिनबोभाट चालत होतं. पण कार्यालयाच्या वेबसाइटवर चढवलेली तीच फाईल ब्राउझरमधून उघडली, की दोन्ही बाण आणि दहाही आकडे एकाच वेळी, एकमेकांच्या उरावर बसलेले दिसत. व्हॉल्व्ह आधी की मोटर आधी, काही कळायला मार्ग नव्हता.

"ती फाईल ब्राउझरच्या पोटातच उघडतेय, म्हणून असं होतंय," बाई म्हणाल्या. "तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर नीट चालेल. सेटिंगमध्ये डाउनलोड म्हणून आहे, तिथलं एक बटण बंद करायचं. पण प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगवेगळं. तीन पंपघरं, सात कॉम्प्युटर. कोण करत बसणार?"

"मी."

"त्यापेक्षा कागदावर छापून भिंतीला चिकटवा ना."

"चिकटवला होता. पंपघरात एवढी ओल, वर्षभरात लगदा झाला त्याचा."

साहेबांनीही समजावून पाहिलं. "मिस्त्री, चार दिवस राहिलेत. खुर्चीत बसा, पेपर वाचा." पण ते म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी सांगितलेल्या पायऱ्या डायरीत उतरवून मिस्त्रींनी सायकल बाहेर काढली.

पहिल्या पंपघरात त्यांनी बटण बंद केलं, फाईलवर क्लिक केलं आणि वाट पाहिली. काहीच उघडलं नाही. पुन्हा क्लिक केलं. तरी नाही. तेहतीस वर्षांत गंजलेला नट सैल झाला नाही म्हणून मिस्त्रींनी कधी हात टेकले नव्हते, मग हा संगणकाचा उंदीर काय चीज? क्लिक करतच राहिले. शेवटी तिथल्या ऑपरेटरने चष्मा वर करून पाहिलं.

"मिस्त्री, फाईल खाली उतरलीय की! एक नाही, अकरा उतरल्यात. आता त्यातली एक उघडायची फक्त."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं, तुम्हाला अकराच पाहिजेत."

मिस्त्रींना हसू आलं. 'उतरलेली फाईल दोनदा दाबणे,' असं त्यांनी डायरीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. दुसऱ्या पंपघरात मग काम चुटकीसरशी झालं. चौथ्या दिवशी राहिलं ते तिसरं पंपघर आणि तिथला एकच संगणक.

ते त्यांनी शेवटी ठेवलं होतं, हे खरं. तिथे आता त्यांच्या कामावरच्या जोडीदाराची मुलगी ऑपरेटर होती. बारा वर्षांपूर्वी जोडीदाराला त्या पंपघरावर एकट्याने काम करायला लागून आठवडाही झाला नव्हता. मोटरमधून धूर येतोय म्हणून त्याने फोन केला. मिस्त्री दुसरीकडे एका पंपाखाली आडवे पडले होते. ते घाईत म्हणाले, "बंद कर, बंद कर!" आधी काय बंद कर, ते म्हणाले नाहीत. त्याने आधी मोटर बंद केली. उघड्या व्हॉल्व्हमधून चढावरचं पाणी उलटं आलं, पाइपाचा जोड उखडला आणि माणूस गेला. चौकशीत 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं गेलं. मिस्त्रींनी त्याखाली सही केली होती.

"या काका," पोरीने स्टूल पुढे सरकवलं. "शेवटच्या दिवशीही काम?"

त्यांनी मान डोलावली आणि सेटिंग उघडलं. बटण बंद. फाईल उतरली. दोनदा दाबली. पान अकरा. बाण व्हॉल्व्हवर आला. आकडे उमटू लागले. एक, दोन, तीन. दहा झाल्यावर बाण मोटरवर गेला.

पोरगी पडद्याकडे बघत राहिली. "मला हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पण दहा मोजायचे, हे कुणी सांगितलं नव्हतं." मग हळूच म्हणाली, "बाबांना कुणी सांगितलं नव्हतं का?"

उद्यापासून हजेरीपटावर नाव नाही, आज न बोलता घरी गेलो तर कायमचे गप्प बसू, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं.

"त्याने मला फोन केला होता," ते म्हणाले. "मी नुसतं 'बंद कर' म्हटलं. आधी काय, मग काय, ते सांगितलं नाही. चूक त्याची नव्हती, पोरी. माझी होती. आणि कागदावर ती त्याच्या नावावर लिहिली, त्याखाली मी सही केली."

पंपाचा आवाज तेवढा चालू होता. मिस्त्री स्टुलावरून उठले, डायरी खिशात घातली.

"साहेबांना हेच लिहून देणार आहे आज," ते म्हणाले. "जायच्या आधी."

पाणी थांबवायची वेळ झाली होती. पोरगी उठली, पंपाजवळ गेली आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचं चाक फिरवू लागली. चाक पुरतं बसल्यावर तिने मोटरच्या बटणापाशी हात नेला आणि तिथेच थांबवला.

"मोजा काका," ती मागे न बघता म्हणाली. "मोठ्याने."

मिस्त्रींनी मोजायला सुरुवात केली.