केरूला सांगायचं राहिलेलं

बुधवारी सकाळी सव्वादहाला महादेव पाल्ये आणि त्यांची बायको एस्तेर कोल्हापूरच्या एसटीतून मध्येच, पालीला उतरले. तिकीट कोल्हापूरपर्यंतचं होतं. गुरुवारी सकाळी तिथल्या एका रुग्णालयात कॅन्सरमुळे महादेवांचं स्वरयंत्र काढायचं होतं. त्यानंतर ते बोलू शकणार नव्हते.

महादेव चौसष्ट वर्षांचे, रत्नागिरीतल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. जन्म पालीजवळच्या वाडीतला, शेतकरी घरातला. एकतीस वर्षांपूर्वी मुंबईत नोकरीला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं नाही. त्या वर्षी आईनं शब्द घेतला होता: या घरात येशूचं नाव काढायचं नाही, मग गणपतीला आणि शिमग्याला खुशाल ये. आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी महादेवांनी शब्द पाळला. एसटी स्टँडवर, मासळी बाजारात, बंदरावर त्यांनी अनोळखी माणसांना ख्रिस्त सांगितला. थोरला भाऊ केरू याला एकदाही नाही.

गेल्या रविवारी त्यांनी शेवटचा उपदेश केला. तारण, म्हणजे आत्म्याची सुटका, देवाच्या हातात आहे, ज्याला तो निवडतो तो त्याच्याकडे येतोच, माझा आवाज गेला म्हणून कोणी हरवणार नाही, असं ते म्हणाले. मंडळीतले बरेच जण रडले. एस्तेर रडली नाही. तिनं एसटीत विचारलं, "कोणी हरवणारच नाही, तर इतकी वर्षं घसा कशाला फोडलात?"

"येशूची आज्ञा आहे म्हणून." महादेवांचा आवाज कुजबुजीइतकाच उरला होता.

"आणि दादा त्या आज्ञेत बसत नाहीत वाटतं?"

हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा महादेव म्हणाले, "पालीला उतरू."

केरू बहात्तर वर्षांचा. तीस वर्षं चिरेखाणीत दगड कापायच्या मशीनवर काम केल्यानं कान गेलेले. लिहिता-वाचता येत नाही. बायको तुळसा डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडते, तेवढंच त्याला कळतं. महादेवांना हे ठाऊक होतं, पण गाडीत लक्षात आलं नव्हतं. पडवीत भावासमोर बसून ते "दादा" म्हणाले, तेव्हा आलं.

"काय म्हणतो ह्यो?" केरूनं विचारलं.

महादेवांनी तुळसाकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही सांगाल? मला त्याला देवाचं सांगायचंय."

"भावजी, सासूबाईंना शब्द दिलेला हाय तुम्ही."

"आज मोडतोय."

"आणि तो माझ्या तोंडानं?" ती म्हणाली. मग त्यांच्या गळ्याकडे बघून नवऱ्याच्या कानाशी वाकली. "त्यांच्या देवाचं सांगायचंय म्हणे!"

केरू हसला. "आता? अरे म्हादू, स्टँडवर सगळ्या जिल्ह्याला सांगितलंस. आपला रिक्षावाला संदेश येऊन हिला सांगायचा, तुमचा भाऊ बरा बोलतो. मी म्हटलं, ह्याच्या देवाच्या यादीत आपलं नाव नसंल."

देवानं निवडलेल्यांची हीच यादी रविवारी महादेवांनी दिलासा म्हणून सांगितली होती.

ते बोलू लागले. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. तुळसा ते ओरडून पुढे द्यायची.

"तू पापी हायस म्हणतात!"

"ह्ये तो सांगतो की तू?"

"ते पण पापीच हायत म्हणे!"

"मग चालंल. पुढं?"

वधस्तंभ हा शब्द तुळसाला नीट उचलता आला नाही. ती म्हणाली, "खांबाला खिळला त्याला! तुझ्यासाठी!" केरूचं हसू थांबलं. कोणी खिळला, त्याची आई होती का, असं तो विचारत राहिला. पाऊण तास गेला. महादेवांना मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं.

शेवटी ते म्हणाले, "विचारा त्याला. येशूवर विश्वास ठेवशील का?"

तुळसा सरळ उभी राहिली. "ह्ये मी नाय विचारणार, भावजी."

"वहिनी."

"बाकीचं सांगितलं. पण तो हो म्हणाला तर माझ्या घरातल्या देवांचं काय?"

एस्तेरनं पुढे होऊन केरूच्या कानाशी तोच प्रश्न विचारला, दोनदा. "ही काय पुटपुटते?" केरू म्हणाला. एक वाजता रिक्षा आली. दीडची एसटी चुकवता येण्यासारखी नव्हती; संध्याकाळी पाचच्या आत रुग्णालयात दाखल व्हायचं होतं. पायरीपर्यंत सोडायला आलेला केरू म्हणाला, "बरं सांगितलंस. पण माणसानं करायचं काय, ते राहिलं बघ."

महादेवांनी तोंड उघडलं. रिक्षा सुरू होती. जे काही ते बोलले ते एस्तेरलाही ऐकू आलं नाही.

गुरुवारी शस्त्रक्रिया सहा तास चालली. डॉक्टरांच्या मते ती यशस्वी झाली. शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तुळसाचा एस्तेरला फोन आला. केरू तीन दिवस एकच विचारतोय, पुढं काय? तिनं त्याला सांगितलं की तिथंच संपलं. पण तो ऐकत नाही, नीट जेवत नाही.

"भावजींना विचारा," ती म्हणाली. "मी त्याला नाय विचारलं, तरी त्यांचा देव त्याला घेईल ना? घेणार असंल तर मी गप्प राहीन. नसंल तर तसं सांगा, मग विचारते."

एस्तेरनं प्रश्न जसाच्या तसा महादेवांना सांगितला आणि लिहून बोलण्यासाठी आणलेली पाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या आणि हातानं पुसल्या.

रविवारी दुपारी बारापर्यंत पाटी कोरी होती. तुळसाचे आणखी दोन फोन येऊन गेले होते.