आठवड्याची धडक

स्नेहल वानखेडे ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात फिजिओ होती. २००८च्या मार्चमध्ये गिरीश तिच्याकडे आला तेव्हा तिला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गिरीश वॉटफर्डचा. दोघं युनिव्हर्सिटीत बरोबर होते, पुढे तो मार्केटिंगमध्ये गेला. आदल्या उन्हाळ्यात युरोपातली या खेळाची मोठी लीग बंद पडली होती. ती रिकामी जागा आपण भरायची, असं त्याच्या बॉसने ठरवलं होतं. सहा शहरं, सहा टीम, खेळाडू पगारी. ब्रिस्टलच्या टीमला शनिवारपुरता फिजिओ हवा होता. वॉर्डात म्हाताऱ्यांना चालवून चालवून स्नेहल कंटाळली होती. ती हो म्हणाली.

पहिल्या मॅचला तीनशे माणसं आली, त्यातली निम्मी फुकट तिकिटांवर. भाड्याच्या ग्राउंडवर रग्बीच्या पांढऱ्या रेषांवरच पिवळ्या रेषा मारल्या होत्या. उघड्या पोटांच्या चिअरलीडर मुली गारठ्यात काकडत नाचत होत्या आणि स्टँडमधले बाप्ये त्यांना नको ते ओरडत होते. स्नेहलला तिथेच पहिली शिसारी आली. खेळाडू मात्र तिला आवडले. त्यातही ओवेन. न्यूपोर्टचा प्लंबर, तेहतीस वर्षांचा, बारा वर्षं पदरमोड करून हौशी टीममध्ये खेळलेला. आपण प्रोफेशनल झालो याचं त्याला इतकं अप्रूप, की कॉन्ट्रॅक्टचं पत्र त्याने फ्रेम करून घेतलं होतं.

महिन्याभरात प्रेक्षक शंभरावर आले. मग लीगच्या ऑफिसने 'आठवड्याची धडक' काढली. ज्या खेळाडूला सगळ्यात जबर मार बसेल त्याची क्लिप मोठ्या पडद्यावर तीनदा, स्लो मोशनमध्ये, वर हाड मोडल्याचा आवाज घालून. एका बर्गरवाल्याने ती स्पॉन्सर केली. उंच आलेला बॉल झेलणाऱ्याला आधी जे संरक्षण होतं, तो नियमही काढून टाकला. गर्दी थोडी वाढली.

पुढच्याच मॅचमध्ये ओवेन मान वर करून बॉलची वाट बघत असताना दोघे त्याच्यावर आदळले. स्नेहल धावली. तो शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, महिना कुठला? तो नोव्हेंबर म्हणाला. मुलीचं नाव त्याला आठवेना. मग तो स्नेहलच्या बुटांवर ओकला. कॅमेरावाला दोन हातांच्या अंतरावरून वाकून ते शूट करत होता. तिने लेन्सवर तळवा दाबून त्याला मागे ढकललं. त्या आठवड्याची धडक ओवेनचीच ठरली.

पुढच्या शनिवारी मॅचच्या तासभर आधी गिरीश फिटनेस फॉर्म घेऊन तिच्या खोलीत आला. टीममध्ये एकवीसच धड माणसं उरली होती. बावीस नसले तर मॅच सोडून द्यावी लागे.

"फक्त सही कर," तो म्हणाला. "तो म्हणतोय ना, आय ॲम फाइन."

"त्याला उजेड सहन होत नाही, गिरीश. आता बाहेर गॉगल घालून बसलाय तो."

"आजची मॅच केबलवर लाइव्ह आहे. ही गेली तर लीग गेली. नव्वद माणसांच्या नोकऱ्या आहेत, स्नेहल."

"आणि त्याला परत लागलं तर?"

 गिरीशची नजर क्षणभर खिडकीबाहेरच्या मोठ्या पडद्याच्या दिशेने गेली, आणि ती तिने पाहिली. युनिव्हर्सिटीत हाच मुलगा तिच्या आजारपणात रोज सूप घेऊन यायचा. तिला त्याची किळस आली. इथे दोन महिने टिकून राहिलेल्या स्वतःचीही आली.

ती फॉर्म घेऊन थेट रेफरीकडे गेली आणि त्याच्यासमोर 'अनफिट' लिहून सही केली. मॅच रद्द झाली. लीगच्या मालकाने, म्हणजे गिरीशच्या बॉसने, माइकवरून सांगितलं की टीमच्या फिजिओने आज तुमची मजा घालवली आहे. लोकांनी हुर्यो केली. कोणीतरी फेकलेले चिप्स तिच्या केसांत अडकले. ओवेन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"बारा वर्षं," तो म्हणाला. "तू कोण गं मला थांबवणारी?"

तीन आठवड्यांनी लीग बंद पडली. ऑफिसचे फोन कोणी उचलेना.

जूनमध्ये ओवेनच्या बायकोचा फोन आला. तो जिना चढताना भिंत धरतो, मुलगी हसली तरी कानांवर हात ठेवतो, असं ती सांगत होती. स्नेहल दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊन त्याच्याकडून तोल सावरायचे व्यायाम करून घेऊ लागली. तो फारसं बोलत नसे.

सप्टेंबरात गिरीशने फोन केला. नवी लीग येतेय, या वेळी इन्व्हेस्टर वेगळे, सगळं प्रॉपर. मेडिकलची हेड तू. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि खेळणार कोण ते विचारलं. त्याने चार-पाच नावं सांगितली. त्यात ओवेनचं होतं.

गुरुवारी तिने ओवेनला विचारलं. त्याने नाकारलं नाही.

"तिथे मी कोणीतरी असतो," एवढंच तो म्हणाला.

"तिथे तू बर्गरची जाहिरात असतोस," स्नेहल म्हणाली.

त्याच आठवड्यात, त्याला सांगून, तिने त्याच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, त्याला पुन्हा खेळू देऊ नये असं सविस्तर पत्र लिहिलं. त्यानंतर त्याने तिला दार उघडलं नाही. नवी लीग निघालीच नाही. ओवेन पुढच्या वर्षी हळूहळू प्लंबिंगला लागला, असं त्याच्या बायकोने ख्रिसमसच्या कार्डात कळवलं. खाली सही तिची एकटीची होती.