वळणावरचं डांबर

दहा वर्षं या वळणावर खड्डा होता. माझी मेहुणी इथेच पडून पाय मोडून बसली, तेव्हा आमच्या रस्ते खात्याच्या साहेबांना डांबर मिळालं नाही. सायकलींची शर्यत ठरली आणि दोन दिवसांत मिळालं. काल खड्डा मीच बुजवला आणि सवयीनं वर खडीची बारीक कच पसरली. तेवढ्यानं गाड्यांच्या चाकांना डांबर चिकटत नाही.

आज बायकोला घेऊन शर्यत बघायला रस्त्याकडेच्या दोरीपाशी उभा होतो. शर्यतीच्या पुढे धावणारी पोलिसांची मोटारसायकल आली आणि तिचं चाक नेमकं त्या कचेवरच घसरलं. शर्यतीच्या सायकलीचं चाक तर अंगठ्याएवढंच रुंद असतं.

मी दोरीखालून आत शिरलो, सदरा काढला आणि त्यानंच कच झाडायला लागलो.

"अहो, शर्यत दाखवायला आणलंत की झाडलोट?" बायको म्हणाली.

शिपाई धावत आला. "ए, मरायचंय का?"

"झाडू असेल तर द्या, नाहीतर गप्प उभे राहा."

त्यानं दंडाला धरून मला बाहेर ओढलं, तेवढ्यात शंभरेक सायकली सरसर गेल्या. मी फक्त रस्ता बघत होतो.

"पहिला कोण होता हो?" बायकोनं विचारलं.

"कुणी पडलं नाही," मी म्हणालो आणि सदऱ्यातली कच झटकायला लागलो.