उशी जिकडे, गाव तिकडे

वरच्या थ्रॅपलच्या चर्चमागील दफनभूमीत एकाच माणसापुरती जागा शिल्लक होती. यू नावाच्या सदाहरित वृक्षाखाली, मावळतीच्या उन्हाकडे तोंड करून ती जागा अशी शांत पहुडली होती, की धडधाकट माणसालाही क्षणभर तिचा हेवा वाटावा. तिच्यावर दोघांचा डोळा होता. एक म्हणजे एक्याऐंशी वर्षांच्या ऑगस्टा टिबेट्स. आणि दुसरे चर्चचे कारभारी सेड्रिक पॉन्सफर्ड, ज्यांचे वय जेमतेम साठ असले तरी आकार दोन माणसांचा होता.

टिबेट्सबाईंचे यजमान हॉरेस खालच्या थ्रॅपलच्या मातीत विसावले होते. रीतीप्रमाणे बाईंनी त्यांच्याशेजारीच जायला हवे होते.

"त्रेपन्न वर्षं त्याचं घोरणं ऐकलंय मी," बाई म्हणत. "आता कयामतीपर्यंत ऐकायचं? मुळीच नाही!"

पण आपापल्या शिवेत राहणाऱ्यालाच माती द्यायची, असा दोन्ही गावांचा नियम, आणि बाईंचे घर नेमके शिवेवर. पॉन्सफर्डनी मोठ्या दुःखाने जाहीर केले की बाई खालच्या गावच्या आहेत. पाद्रीसाहेब दोन्ही गावांना मिळून एकच असल्याने प्रत्येक बाबतीत त्यांची दोन मते असत. त्यांनी निवाडा माझ्याकडे सोपवला. मी गावच्या इतिहास मंडळाचा चिटणीस. मंडळात सहा सभासद, आणि त्यांतले दोन सभेत जागे राहतात.

चर्चच्या पेटीत मला १७३१ सालचा शिवेचा कागद सापडला. त्याची शाई वाळलेल्या चहाच्या रंगाची झाली होती. त्यात लिहिले होते: 'तेथून विधवा गॅमन हिच्या पावाच्या भट्टीच्या तोंडात शिरून, पाठीमागून निघून, थेट नासपतीच्या झाडाकडे.' विधवा गॅमनचे घर म्हणजेच टिबेट्सबाईंचे घर.

आमच्याकडे दर तीन वर्षांनी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, शीव बडवतात. दोन्ही गावांनी विलोच्या झाडाच्या लवचिक छड्या घेऊन शिवेवरून चालायचे आणि वाटेतली प्रत्येक खूण बडवायची. जिथून देह गेला नाही तिथे शीव नाही, असा त्यातला कायदा. बाईंच्या सासूबाईंनी हयातभर कुणाला स्वयंपाकघरात येऊ दिले नव्हते, म्हणून भट्टीतली शीव दोन पिढ्या न चालताच राहिली होती.

त्या गुरुवारी आम्ही बाईंच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभे राहिलो. भट्टीचे तोंड एखाद्या जांभईसारखे उघडे होते.

"मीच जाणार," पॉन्सफर्ड कोट काढत म्हणाले. "दुसऱ्याच्या अंगावर माझा भरवसा नाही."

"साहेब, ती पावाची भट्टी आहे, कोठार नव्हे," खालच्या गावचे काटकुळे कारभारी पर्सी स्नेल म्हणाले.

पॉन्सफर्ड शिरले. अंधाराने त्यांना खांद्यांपर्यंत गिळले, पोटापर्यंत गिळले, आणि मग अंधाराचीच भूक संपली.

"अडकलो!" आतून आवाज आला.

भट्टीची पाठ बाईंच्या निजायच्या खोलीतल्या फडताळात उघडत असे. आम्ही धावत जाऊन फडताळाची दारे उघडली. दोन जॅमच्या बरण्यांच्या मधोमध पॉन्सफर्डांचे मस्तक, भिंतीलगतच्या पलंगाच्या बरोबर मध्यावर, पौर्णिमेच्या चंद्रासारखे उगवले होते. फक्त काजळी लागलेले.

"ओढा की!"

"कसं ओढू?" स्नेल म्हणाले. "तुमचा उजवा कान आमच्यात, डावा तुमच्यात. मी डावीकडे हात लावला तर आक्रमण होईल."

"पण शीव सिद्ध झाली!" मी भारावून म्हणालो. "देह गेला."

"अर्धाच," पाद्रीसाहेबांनी सावध दुरुस्ती केली.

एवढ्यात स्वयंपाकघरातून छड्यांचा आवाज आला. मागे राहिलेल्या मंडळींना भट्टीच्या तोंडाशी शिवेची खूण दिसली होती, आणि खूण दिसली की बडवायचीच.

"कोण आहे रे तिकडे!" मस्तक गरजले. "थांबा म्हणतो ना!"

"रीत आहे, साहेब!" पलीकडून आदराने उत्तर आले.

मी घाईघाईने कागदाचे दुसरे पान उलटले आणि मोठ्याने वाचले: 'घर शिवेवर असल्यास, मनुष्य जेथे डोके टेकून निजतो, त्या गावचा तो समजावा.'

बाईंनी पलंगाकडे पाहिले.

"उशी!" पॉन्सफर्ड ओरडले. "उशी कुठंय?"

"तुमच्या उजव्या हाताला," मी जड अंतःकरणाने म्हणालो.

"उजवीकडे खालचं थ्रॅपल! बाई, तुम्ही हॉरेसच्याच गावच्या. मला फार वाईट वाटतं."

"दिसतंय ते तोंडावर," बाई म्हणाल्या. त्यांनी उशी उचलली, दोनदा थोपटली, आणि पलंगाच्या डाव्या टोकाला ठेवली. मग चपला काढून त्या आडव्या झाल्या, छातीवर हात जोडले आणि डोळे मिटले.

"ही लबाडी आहे! पाद्रीसाहेब!"

पाद्रीसाहेबांनी उशीकडे पाहिले, मस्तकाकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच त्यांचे एकच मत झाले. "कागदात डोकं टेकायचं म्हटलंय, पॉन्सफर्ड. पलंगाच्या कुठल्या टोकाला ते म्हटलेलं नाही. बाई वरच्या गावच्या."

"आणि पाय खालच्या गावातच राहू देत," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "जन्मभर हॉरेस माझ्या गार पायांना शिव्या देत होता. तेवढी सोबत त्याला पुरे."

अर्धा डबा डुकराची चरबी खर्ची पडल्यावर पॉन्सफर्ड बाहेर आले, चकचकीत आणि नम्र. शिवेच्या वहीत मी सतरावी खूण लिहिली: 'श्री. पॉन्सफर्ड, रीतीप्रमाणे बडवले.'

दाराशी ते स्नेलांपाशी घुटमळले.

"म्हणजे आता हॉरेसच्या शेजारची जागा..."

"रिकामीच की."

"फार घोरायचा का हो तो?"

"आता नाही घोरत," स्नेल म्हणाले. "या कधीही. उशी तेवढी घेऊन या."